कोटेशन बँकेत अडकलंय: कुपवाडमधल्या एका सीआरएमची दुरुस्ती

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत मिरची कांडप यंत्रं, पल्वरायझर आणि तेलघाणे बनवणारी एक कंपनी आहे. मालक, त्यांचा पुतण्या, विक्रीला पाच जण आणि बाकी सगळा कारखाना. त्यांनी मला बोलावलं तेव्हा झोहो सीआरएम (चौकश्या, गिऱ्हाईक आणि पाठपुरावा यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. वर्षभराची वर्गणी भरलेली होती आणि विक्रीतलं एकही माणूस ते उघडत नव्हतं. मालकांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे सॉफ्टवेअर बेकार निघालं, दुसरं कुठलं घ्यायचं ते सांगा.

सीआरएम बसवून देण्याचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या आपल्यासारख्या सल्लागारांना ही मागणी नवीन नाही. नवीन सॉफ्टवेअर सुचवणं आपल्याला सोयीचंही असतं, कारण काम पहिल्यापासून सुरू होतं आणि बिलही. या प्रकरणात सॉफ्टवेअर शेवटपर्यंत तेच राहिलं. बदललं ते त्याच्या भोवतीचं जवळजवळ सगळं. एकट्याने सल्लागारी करणाऱ्याला भेडसावणारे बरेच प्रश्न इथे एकाच ठिकाणी भेटले, म्हणून तपशिलात लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही.

खातं कुणाच्या नावावर?

पहिल्या भेटीत मी एकच गोष्ट मागितली: लॉगिन करा आणि सुपर ॲडमिन, म्हणजे खात्याचा सर्वाधिकारी, कोण आहे ते दाखवा. झोहो सीआरएममध्ये एका संस्थेला सुपर ॲडमिन एकच असतो आणि ते पद दुसऱ्याला देण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. इथे ते पद आधीच्या सल्लागाराच्या खासगी जीमेल पत्त्यावर होतं. कंपनीची ग्राहकांची यादी, दिलेली कोटेशनं, प्रदर्शनात गोळा केलेले फोन नंबर, सगळं एका बाहेरच्या माणसाच्या मेलबॉक्सवर अवलंबून.

पुतण्या म्हणाला, "ते फोनच उचलत नाहीत." मी फोन लावला, त्यांनी लगेच उचलला. त्यांचा शेवटचा हप्ता कित्येक महिने थकला होता. "पैसे आले की खातं देतो, मॅडम. माझ्या हातात दुसरं काय आहे?"

दुसरं बरंच काही असतं, आणि आपल्यापैकी अनेकांना ते माहीत नसतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई विकास कायदा २००६ सालचा आहे. 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारात मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशा पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मालकाच्या सीएला चांगलाच कळतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच पैसे निघतात. अट एकच: उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवलेली हवी. वाद झाल्यावर केलेल्या नोंदणीचा त्या जुन्या कामासाठी भरवसा धरू नये.

माझं मत ठाम आहे. पैसे कितीही रास्त असोत, ग्राहकाची यादी ओलीस ठेवू नये. ती आपली मालमत्ता नाही. एकदा तसं केलं की सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी, जिथे एका कारखानदाराचा शेजारी दुसरा कारखानदार असतो, पुढची दहा कामं जातात. पण मालकालाही मी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं, की आधी त्यांचा हप्ता द्या, मग माझं काम सुरू. मालक नाराज झाले. "त्यांनी काम धड केलंच नाही," म्हणाले. तसं असेल तर त्याच वेळी लेखी कळवायला हवं होतं, तेव्हा कुणी एक ओळही पाठवली नाही, याकडे मी लक्ष वेधलं. शेवटी एकाच बैठकीत दोन्ही व्यवहार झाले: इकडून पैसे गेले, तिकडून सुपर ॲडमिनचं पद कंपनीकडे आलं.

नवा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचा काढला, कुणा व्यक्तीच्या नावाचा नाही. ओटीपीचा मोबाइल नंबरही कंपनीच्या नावाचा. पुतण्याला दुसरा ॲडमिन केलं. मला मर्यादित हक्कांचं वेगळं लॉगिन दिलं आणि काम संपल्यावर ते बंद करायची तारीख करारातच लिहिली. नवं काम घेताना मी पहिल्या दिवशी करून घेते ते हेच. खातं ग्राहकानेच उघडायचं, वर्गणी ग्राहकाच्याच कार्डावरून भरायची. सॉफ्टवेअर कंपनीकडून आपल्याला कमिशन मिळत असेल तर ते आधी सांगून टाकायचं. ते लपवून दिलेल्या सल्ल्यावर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.

ताईंची वही

आता खरा प्रश्न: पाच जण सीआरएम उघडत का नव्हते?

आत पाहिलं तर व्यवहारांचे टप्पे सॉफ्टवेअरसोबत येतात तसेच्या तसे ठेवलेले होते: क्वालिफिकेशन, नीड्स ॲनालिसिस, व्हॅल्यू प्रपोझिशन, आयडेंटिफाय डिसिजन मेकर्स, प्रपोझल, निगोशिएशन आणि शेवटी जिंकलं किंवा हरलं. जवळपास सगळ्या नोंदी पहिल्याच टप्प्यावर पडून होत्या, कारण नवी नोंद आपोआप तिथेच पडते आणि तिला पुढे कुठे न्यायचं ते कुणालाच उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर बसणाऱ्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकली. त्यांच्याकडे लांबट बांधीव वही होती. सीआरएम पडून राहिलं ते वर्षभर विक्री त्या वहीवरच चालली होती. पहिलाच फोन मिरज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अध्यक्षांना गेला.

"ताई, कोटेशन बँकेत दिलं का?"

"दिलंय हो, पण मॅनेजरची बदली झाली. नवीन आलेत ते म्हणतात, परत द्या."

"देते की. पण गटाच्या नावानंच देते. पासबुकावर जसं आहे तसं नाव वाचून दाखवा."

मग ताईंनी वहीत लिहिलं: 'बँ. मॅ. बदली. को. परत, गटाच्या नावे. सोम.' सोमवारी पुन्हा फोन करायचा.

असे फोन दुपारपर्यंत ऐकले. या कंपनीचे बहुतेक गिऱ्हाईक प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून यंत्र घेणारे. ही केंद्राची योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात वैयक्तिक उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळतं, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने 'घेतो' म्हटल्यावरही यंत्र लगेच विकलं जात नाही. जिल्हा संसाधन व्यक्ती प्रस्ताव तयार करते, तो समितीपुढे जातो, मग शाखेत, मग मंजुरी, मग गिऱ्हाइकाचा स्वतःचा हिस्सा, मग बँकेकडून कंपनीच्या खात्यात पैसे. यात महिने जातात. मन वळवण्याचं काम पहिल्या आठवड्यातच संपलेलं असतं. उरलेला सगळा काळ कागद हलवण्याचा. आणि सीआरएममध्ये या सगळ्या काळासाठी 'प्रपोझल' हा एकच शब्द होता.

टप्पे मी ताईंच्या वहीतून उचलले: नवी चौकशी, बोलणं झालं, यंत्र पाहून गेले, कोटेशन दिलं, प्रस्ताव तयार, बँकेत, कर्ज मंजूर, ॲडव्हान्स आला, यंत्र रवाना. रोखीने घेणाऱ्यांसाठी वेगळी, आखूड साखळी. 'बँकेत' या टप्प्यावर नोंद न्यायची तर बँक, शाखा आणि कोटेशनवरचं नेमकं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं बंधन घातलं. झोहोमध्ये याला ब्लूप्रिंट म्हणतात. एवढं एकच बंधन ठेवलं, कारण नाव जुळलं नाही की बँक कोटेशन परत करते आणि तो फेरा ताईंच्या वहीत पानोपानी दिसत होता. आधीच्या रचनेत सक्तीचे रकाने इतके होते, की फोन संपला तरी फॉर्म संपायचा नाही.

'हरलं' या एका शब्दाचीही फोड केली: कर्ज नामंजूर, दुसऱ्याकडून घेतलं, भाव परवडला नाही, जागा किंवा वीजजोडणी नाही, नुसती चौकशी. वीजजोडणीचं कारण विक्रीतल्या एकाने सुचवलं. थ्री फेज कनेक्शन मिळेपर्यंत अडकलेली माणसं हरलेली नसतात, त्यांना चार महिन्यांनी पुन्हा फोन करायचा असतो. सल्लागाराला हे ऑफिसात बसून सुचत नाही.

बचत गटांसाठी आणखी एक रचना लागली. गट ही 'संस्था', आणि अध्यक्ष, सचिव, शिवाय ज्यांच्या मोबाइलवरून चौकशी आली ते पती किंवा मुलगा हे तिच्याखालचे 'संपर्क'. आधी प्रत्येक जण स्वतंत्र गिऱ्हाईक म्हणून नोंदला होता. त्यामुळे एका गटाला तीन वेगवेगळ्या माणसांचे फोन जायचे, कधी तीन वेगळे भावही.

याद्या

जुना डेटा चार ठिकाणी होता: इंडियामार्ट या ऑनलाइन बाजारपेठेवरून आलेल्या चौकश्या, मोशीच्या किसान प्रदर्शनात भरून घेतलेले फॉर्म, ताईंची वही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली विक्रेत्यांची, म्हणजे यंत्रं पुढे विकणाऱ्या दुकानदारांची, खाती. या कामाला किती वेळ लागतो हे ग्राहकाला कधीच खरं वाटत नाही. म्हणून मी त्याची किंमत वेगळी लावते आणि नमुन्याची शंभर नावं आधी साफ करून दाखवते.

मोबाइल नंबर एक्सेलमध्ये ९१ लावून बारा आकडी झाले की तो रकाना मजकूर म्हणून ठेवावा लागतो. नाहीतर एक्सेल त्याचा घातांक करून टाकतं आणि सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) जतन केल्यावर शेवटचे आकडे कायमचे जातात. इथल्या एका फाइलचं हेच झालं होतं. मूळ फॉर्म जपून ठेवले होते म्हणून नंबर परत मिळाले. मराठीत लिहिलेली नावं यूटीएफ-८ या, देवनागरीही सांभाळणाऱ्या अक्षरपद्धतीत जतन केली नाहीत तर प्रश्नचिन्हं होतात. नंबर जुळवताना फक्त शेवटचे दहा आकडे धरले, म्हणजे पुढचं शून्य किंवा अधिक ९१ आडवं येत नाही. पण एकाच नंबरवर दोन बचत गट निघतात, म्हणून दुहेरी नोंदी यंत्रावर न सोडता पुतण्याने आणि ताईंनी यादी पाहून एकत्र केल्या.

विक्रेत्यांसाठी जीएसटी क्रमांक कामाला आला. त्याच्या पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. सांगलीच्या कंपनीचे विक्रेते सीमेपलीकडे अथणी, चिक्कोडीलाही असतात. त्यांतल्या काहींचा एक क्रमांक २७ ने सुरू होणारा महाराष्ट्रातला आणि दुसरा २९ ने सुरू होणारा कर्नाटकातला. मधल्या दहा अक्षरांवर जुळवलं की दोन्ही नोंदी एकाच मालकाच्या आहेत हे लगेच कळतं, मग दुकानाचं नाव कसंही लिहिलेलं असो.

हा सगळा डेटा काही दिवस माझ्या लॅपटॉपवर होता. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि सुरक्षेची पुरेशी खबरदारी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. जबाबदारी मुख्यतः कंपनीची धरली जाते, पण आपल्या लॅपटॉपवरून यादी फुटली तर करार आपल्याकडेच बोट दाखवणार. काम संपल्यावर फाइली पुसल्याचं मी लेखी देते, इथेही दिलं.

जे केलं नाही ते

मालकांना सगळं आपोआप हवं होतं. चौकशी आली की व्हॉट्सॲप, दोन दिवसांनी पुन्हा व्हॉट्सॲप, वाढदिवसाचा मेसेज, आणि फिरतीवरच्या माणसांचं लोकेशन दर तासाला.

लोकेशनला मी पहिल्या तीन महिन्यांसाठी सरळ नकार दिला. विक्रीतल्या माणसाला सीआरएम म्हणजे आपल्यावर लावलेली नजर वाटली, की तो त्यात खोटं भरतो. खोट्या नोंदींचा अहवाल कोऱ्या अहवालापेक्षा वाईट, कारण त्यावर निर्णय घेतले जातात. आधी त्यांना त्यातून काहीतरी मिळायला हवं. इथे ते लवकर मिळालं. सकाळी मोबाइलवर त्या दिवसाचे फोन शाखेनुसार लागलेले दिसू लागले, त्यामुळे जतला जाणारा माणूस त्याच फेरीत तिथल्या शाखेत अडकलेली चारही प्रकरणं विचारून येऊ लागला.

आपोआप मेसेजपैकी एकच ठेवला: 'कर्ज मंजूर' झाल्यावर कंपनीचा खाते क्रमांक आणि बुकिंगच्या अटी. कंपनीकडून आपणहून पाठवायच्या व्हॉट्सॲप मेसेजला मंजूर साचा लागतो, प्रत्येक मेसेजला पैसे पडतात आणि नको असलेल्या मेसेजला लोक नंबर ब्लॉक करतात. इंडियामार्टची चौकशी मात्र थेट सीआरएममध्ये आणली, कारण तीच चौकशी इतर उत्पादकांकडेही गेलेली असते आणि पहिला फोन कुणाचा जातो याला महत्त्व आहे. त्या चौकशीवर आपोआप मेसेज नाही. ताईंच्या स्क्रीनवर नुसती घंटी वाजते आणि त्या फोन करतात. त्यांच्या बोलण्यात जी आपुलकी आहे ती कुठल्याही साच्यात बसवता आली नसती.

वहीही मी बंद करायला सांगितली नाही. ताई दोन्हीकडे लिहीत राहिल्या. वहीत न सापडणारा नंबर सीआरएममध्ये शोधून सापडायला लागला, तशी वही आपणच मागे पडली.

फी आणि अधिकचं काम

फी चार भागांत घेतली: ३० टक्के सुरुवातीला, ३० टप्पे आणि रचना मान्य झाल्यावर, ३० डेटा चढल्यावर, १० सोपवणी झाल्यावर. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान. आधीच्या सल्लागारांचा मोठा हिस्सा शेवटी अडकला होता, त्यातूनच ओढाताण सुरू झाली होती. प्रत्येक टप्पा 'मान्य' म्हणजे काय हेही लिहिलं: विक्रीतल्या दोघांनी मी जवळ नसताना पाच खऱ्या नोंदी शेवटपर्यंत नेऊन दाखवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात अपेक्षेप्रमाणे मागणी आली. "मॅडम, आता एवढं केलंच आहे तर टॅली पण जोडून टाका. सर्व्हिसच्या तक्रारी पण यातच घ्या." मी हसतमुखाने दोन्ही गोष्टी 'पुढचं काम' या पानावर लिहिल्या, त्यांच्यासमोरच, आणि सर्व्हिसच्या तक्रारींसमोर अंदाजे खर्च टाकला. नाही म्हणावं लागत नाही, फुकटही होत नाही, आणि मालकांना त्यांचं म्हणणं कागदावर दिसतं. टॅलीपुढे खर्चाऐवजी अट लिहिली: आधी विक्रेत्यांची खाती स्वच्छ, मगच दर.

लिहून दिलेल्या कोडचाही प्रश्न होता. डेल्युज या झोहोच्या भाषेत लिहिलेली दोन-तीन छोटी फंक्शन्स. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने केलेलं काम मालकाचं, पण स्वतंत्र सल्लागाराने केलेलं काम लेखी हस्तांतर होईपर्यंत सल्लागाराचं राहतं. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. मी पूर्ण हस्तांतर कायमचं आणि जगभरासाठी असं लिहून दिलं, आणि तशाच धाटणीची फंक्शन्स इतर ग्राहकांसाठी लिहिण्याची मोकळीक स्वतःकडे ठेवली. दोघांनाही हे पटलं.

सोपवणी

सोपवणीचा कागद पाच पानांचा आहे, मराठीत, ताईंना वाचता येईल असा. त्यात सगळ्यात जास्त जागा एका प्रसंगाला दिली आहे: विक्रीतला माणूस नोकरी सोडून गेला तर काय करायचं. त्याचं लॉगिन पुसायचं नाही, बंद करायचं. त्याच्या नोंदी आधी दुसऱ्याच्या नावावर करायच्या. मगच नव्या माणसाला ती जागा द्यायची. बाकी कामांचे छोटे व्हिडिओ पुतण्यानेच स्क्रीन रेकॉर्ड करून बनवले. त्याच्या आवाजात आहेत, त्यामुळे नवीन माणूस त्याच्याकडेच प्रश्न घेऊन जातो, मला फोन येत नाही.

मालक आता दर सोमवारी एकच अहवाल पाहतात: 'बँकेत' असलेली प्रकरणं, शाखेनुसार, किती दिवसांपासून. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा एकाच शाखेत सगळ्यात जास्त प्रकरणं अडकलेली दिसली. ते स्वतः तिथे जाऊन आले. शाखेला यंत्राच्या क्षमतेचा चाचणी दाखला हवा होता आणि तो मागितला आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक कोटेशनला तो जोडूनच जातो.

वर्गणीच्या नूतनीकरणाला महागडी आवृत्ती सोडून प्रोफेशनल घ्यायची, असं ठरलं आहे. ब्लूप्रिंट त्यातही आहे आणि बाकीच्या बहुतेक सोयी कुणी वापरत नाही. सर्व्हिसच्या तक्रारींचं काम पावसाळ्यानंतर सुरू होईल, वेगळ्या करारावर.